बाबा, कॉम्प्युटरला हात लावू नका!

प्रश्न : मी ६६ वर्षांचा, नागपूरचा रहिवासी, सरकारी नोकरीतून निवृत्त. घरी पत्नी, मुलगा, सून आणि नववीतला नातू. हॉलमध्ये एकच कॉम्प्युटर आहे, आठेक वर्षांचा, विंडोज १० असलेला. सगळे तोच वापरतात. आमच्या सोसायटीचा मी सचिव. २०११ पासूनचे हिशेब, काटोलजवळच्या वडिलोपार्जित शेतीचे स्कॅन केलेले कागद, मुलीच्या लग्नाचे फोटो आणि मी क्रुतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आठवणींची १४० पानं, सारं त्यातच आहे. दुसरीकडे कुठेही प्रत नाही. मागच्या महिन्यात ऑडिटचे कागद छापायला पेनड्राइव्ह घेऊन बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. घरी येऊन लावला, तर त्यातल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. दुसरा पेनड्राइव्ह लावून पाहिला, त्याचंही तेच झालं. दुरुस्तीवाला म्हणाला, "काकाजी, पूर्ण व्हायरस भरून आहे, फॉरमॅटच मारावं लागते." वर अँटिव्हायरसही घ्या म्हणाला. मुलगा चिडला. "बाबा, तुम्ही कुठचंही काहीही आणून लावून राहिले, आता कॉम्प्युटरला हात लावू नका," म्हणत त्यानं पासवर्ड बदलला. आता मला साधा मेंटेनन्सचा हिशेब लिहायला त्याची वाट पाहावी लागते. एप्रिल-मेमध्ये कॉम्प्युटर आपोआप बंदही पडायचा, म्हणजे व्हायरस तेव्हापासूनच असावा. फॉरमॅट करू का? अँटिव्हायरस फुकटचा चालेल की विकतचा? की या वयात हा नाद सोडून पुन्हा वहीकडे वळू? माझ्याकडे चोरण्यासारखं तसंही काही नाही.

उत्तर :

काकाजी, नमस्कार.

फॉरमॅट करू नका. निदान आत्ता नाही. पत्रातलं बाकी सगळं मागाहून बोलू, पण हे आधी सांगते, कारण घरात अशा गोष्टी कधीतरी रविवारी सकाळी "चला, उरकून टाकू" म्हणून उरकल्या जातात आणि मग माझ्याकडे दुसरं पत्र येतं.

तुमचे फोल्डर बहुतेक जागेवरच आहेत. पेनड्राइव्ह लावल्यावर त्याच्या चिन्हावर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा. फोल्डरांच्या जागी दिसणारे शॉर्टकट एक-दोन केबीचे, पण पेनड्राइव्ह मात्र तीन-चार जीबी भरलेला, असं दिसलं की समजायचं, माल आत आहे, फक्त दृष्टीआड केलेला आहे. हा व्हायरस फार जुना आणि फार साधा. तो खऱ्या फोल्डरांना 'लपलेला' आणि 'सिस्टीमचा' असे दोन शिक्के मारतो आणि त्याच नावाचा, तशाच पिवळ्या चित्राचा शॉर्टकट पुढे ठेवतो. आपण सवयीनं त्यावर दोनदा टिचकी मारतो. फोल्डर उघडतोही, म्हणून शंका येत नाही, पण त्याच टिचकीनं व्हायरसही चालू होतो आणि कॉम्प्युटरमध्ये घर करतो. पुढे जो पेनड्राइव्ह लावाल त्यावर तो उडी मारतो. तुमचा दुसरा पेनड्राइव्ह असाच गेला.

काही वेळा तो सगळ्या फायली एका बिननावाच्या फोल्डरात कोंबतो. चित्र दिसतं, खाली नाव नाही. ते पाहून घाबरू नका आणि डिलीट तर मुळीच करू नका, कारण तुमचं सगळं त्यातच असतं.

करायचं काय? पेनड्राइव्ह बाहेर काढून ठेवा. इंटरनेट जोडून विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, अपडेट करा. मग विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्यात 'स्कॅन ऑप्शन्स' आणि तिथला ऑफलाइन स्कॅन निवडा. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पुरती जागी व्हायच्या आत तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. जागेपणी लपून बसणारे व्हायरस या वेळी सापडण्याची शक्यता जास्त. त्यानंतर एकदा पूर्ण स्कॅन लावून जेवायला बसा, तो वेळ घेतो. हे झाल्यावर पेनड्राइव्ह लावा, कुठल्याही शॉर्टकटला हात न लावता त्याचाही स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' सुरू करा. एवढ्यानं फोल्डर दिसले नाहीत, तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'प्रोटेक्टेड सिस्टीम फाइल्स लपवा' अशा अर्थाची एक खूण असते, ती तात्पुरती काढा. फिकट रंगातले खरे फोल्डर वर येतील. आतल्या फायली कॉपी करून घ्या आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. पेनड्राइव्हच, कॉम्प्युटर नाही. 'अॅट्रिब' नावाच्या कमांडनंही हे शिक्के पुसता येतात. नववीतला नातू ती शोधून काढेल आणि त्याला ते करताना मजाही येईल.

आता थोडं घरच्या खटल्याकडे येते.

पेनड्राइव्ह तुम्ही लावला हे खरं. झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर म्हणजे उन्हाळ्यातल्या पाणपोईचा पेला, येणारा-जाणारा प्रत्येक जण तोंड लावून जातो. पण माझ्या मनात वेगळीच शंका आली. इतका जुना, इतका ओळखीचा व्हायरस विंडोज १० मधल्या डिफेंडरनं दारातच धरायला हवा होता. त्यानं धरला नाही, म्हणजे तो झोपलेला होता का? असेल तर त्याला झोपवलं कोणी?

घरच्या कॉम्प्युटरमधली विंडोज आणि ऑफिस कुठून आली, हे एकदा विचारा. आपल्याकडे सुटे भाग जुळवून घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये ही दोन्ही पुष्कळदा 'टाकून दिलेली' असतात, म्हणजे क्रॅक केलेली, परवान्याचं कुलूप फोडून फुकट वापरायची. नातवाच्या गेमचंही तेच. या क्रॅकबरोबर येणाऱ्या सूचनांत पहिली ओळ ठरलेली असते : आधी अँटिव्हायरस बंद करा. घराची कडी काढायला सांगणाऱ्या पाहुण्याला आपण चहा विचारतो, तसा हा प्रकार. कडी पुन्हा लावायची कोणाच्या लक्षात राहत नाही. दुसरी वाट याहून चोरटी असते. डिफेंडर सुरूच राहतो, पण त्याच्या सेटिंग्जमध्ये अगदी खाली 'एक्सक्लूजन्स' नावाची यादी असते, म्हणजे 'इथे पाहू नको' अशा जागांची यादी. क्रॅक टाकताना तिच्यात एखादा फोल्डर, कधी कधी सबंध सी ड्राइव्ह घातला जातो. मग पडद्यावर हिरवी खूण दिसत राहते आणि पहारेकरी डोळे मिटून उभा असतो. तुमच्या घरातली ती यादी रिकामी नसेल, तर सगळा दोष बर्डीच्या दुकानावर आणि तुमच्यावर घालता येणार नाही.

हे मुलाला पकडण्यासाठी सांगत नाहीये. तुमच्या पत्रात "माझ्याकडून झालं" हा सूर आहे आणि त्या सुरातूनच वहीकडे परत जाण्याचा विचार आला आहे, असं मला वाटतं. एका माणसाला कॉम्प्युटरपासून दूर ठेवून कॉम्प्युटर सुरक्षित होत नाही. त्या घरात उरलेले चार जण असतात आणि त्यातला एक नववीत असतो!

पासवर्डाची कल्पना मात्र मुलाची बरोबर आहे, त्यानं ती लावली चुकीच्या जागी. विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं करता येतं. एक खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं ठेवा, ते फक्त नवं काही टाकायचं असेल तेव्हाच उघडायचं. रोजच्या वापराला सगळ्यांची साधी खाती. तुमचं साधं, सुनेचं साधं, नातवाचं साधं आणि मुलाचंही साधं. मग कोणी काही इन्स्टॉल करू गेलं, मुद्दाम किंवा चुकून, तर कॉम्प्युटर थांबून पासवर्ड विचारतो. या एका क्षणाच्या थांबण्यानं पुष्कळ काही टळतं, सगळं नाही. तुमचे फोल्डर तुमच्या खात्यात राहतील, नातवाचे गेम त्याच्या. सोसायटीचे हिशेब असलेल्या टेबलावर कोणी पत्ते खेळायला बसणार नाही.

अँटिव्हायरसचं माझं मत थोडक्यात सांगते. घरच्या वापराला, अपडेट होत असलेला आणि चालू असलेला डिफेंडर पुरतो. तो विंडोजबरोबरच येतो, वेगळे पैसे नाहीत. विकतचा घ्यायला हरकत नाही. कैलास काटकरांनी पुण्यात एका रिपेअरिंगच्या दुकानातून उभी केलेली क्विक हील आपल्याकडे ओळखीची आहेच, आणि अडलं तर फोन करून कोणाला तरी विचारता यावं असं वाटणाऱ्यांना अशा कंपनीचा आधार वाटतो. पण दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत, एकमेकांच्या पायात पाय घालतात. क्रॅक केलेला अँटिव्हायरस तर नकोच. तुमच्याकडे या कामासाठी काही पैसे बाजूला असतील, तर त्या पैशांतून बाहेरून जोडायची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, असं मी सांगेन. का, ते पुढे येतंच.

अँटिव्हायरसपेक्षा मला तुमच्या पत्रातल्या 'विंडोज १०' या शब्दाची जास्त काळजी वाटली. मायक्रोसॉफ्टनं तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. कॉम्प्युटर चालत राहतो, पण नव्यानं सापडणारी भोकं बुजवणारे अपडेट येत नाहीत. घरगुती वापरकर्त्यांसाठी नावनोंदणी करून सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर तो दुवा दिसतो का ते पाहा. अपडेटनं काय फरक पडतो याचं उदाहरण म्हणजे वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस. १२ मे २०१७ ला त्यानं दीडशेच्या आसपास देशांत कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागितले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी "नंतर करू" म्हटलं, त्यांच्यापैकी कितीतरी जण सापडले. तुमचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकतो का, हेही तपासून घ्या. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप. आठ वर्षांपूर्वीचा म्हणजे तुम्ही अगदी उंबरठ्यावर आहात. होत असेल तर करून घ्या, नसेल तर नव्या कॉम्प्युटरचा विचार पुढच्या दिवाळीपर्यंत ढकलू नका. पण हे सगळं प्रत काढल्यावर.

एप्रिल-मेमध्ये आपोआप बंद पडण्याचं म्हणाल, तर तो व्हायरस नसावा. तो आपला उन्हाळा आहे. बाहेर ४५ अंश, हॉलमध्ये कूलर, आणि मी पैजेवर सांगते, तुमचं सीपीयूचं खोकं जमिनीवर कूलरच्याच झोतात आहे. कूलरच्या दमट हवेनं आतली धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर चिखलासारखी बसते, मग उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर जळू नये म्हणून कॉम्प्युटर स्वतःच बंद होतो. झाकण उघडून ब्रशनं साफ करून घ्या, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट बदलून घ्या, खोकं झोतातून हलवून टेबलावर घ्या. आत हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र स्कॅनसाठीही थांबू नका, आधी फायली बाहेर काढा. मला येणाऱ्या तक्रारींत 'व्हायरस' म्हणून सांगितलं जाणारं बरंचसं दुखणं धुळीचं किंवा म्हाताऱ्या हार्ड डिस्कचं निघतं. डिस्क गेली तर जगातला कुठलाही अँटिव्हायरस तुमची १४० पानं परत आणणार नाही.

आणि इथेच तुमच्या प्रश्नातलं मला खटकलेलं सांगते. तुम्ही विचारलंत कॉम्प्युटर कसा वाचवू. पण जीव अडकलाय तो हिशेबांत, शेतीच्या कागदांत, लग्नाच्या फोटोंत आणि आठवणींत. हे सगळं आज एकाच आठ वर्षांच्या डिस्कवर आहे आणि व्हायरस आला नसता तरी ते तितकंच धोक्यात होतं.

सगळ्या फायली सारख्या नसतात, म्हणून त्यांची वाटणी करा. आठवणींची १४० पानं आणि हिशेब मिळून फार तर काही एमबी होतील. ते, व्हायरसचा स्कॅन झाल्याबरोबर, त्याच दिवशी, स्वतःलाच ईमेल करा किंवा गूगल ड्राइव्हवर टाका, तिथे १५ जीबी फुकट मिळतात. शेतीचे कागदही त्यात बसतील. फोटो जड, त्यांना एक्स्टर्नल डिस्क लागेल. शक्य झालं तर दोन घ्या. एक घरी, दुसरी लेकीकडे. लेक सणाला माहेरी आली की तिची डिस्क आणेल, तुम्ही नवं भरून द्याल. जाणकार तीन-दोन-एक म्हणतात ते हेच : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची का, तर चोर, आग आणि गच्चीतून गळणारं पाणी घरातल्या सगळ्या प्रती एकाच वेळी नेऊ शकतात.

डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. पुष्कळ जण इथेच चुकतात, ती कायम जोडलेली ठेवतात. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस आला, तर जोडलेल्या डिस्कवरच्या प्रतींनाही तो तेच कुलूप लावतो. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून घरोघरी शिरणारा 'स्टॉप' नावाचा खंडणीखोर प्रकार असाच. दुर्दैवानं असं कधी झालंच, तर पैसे पाठवू नका, कुलूपबंद फायली टाकूनही देऊ नका. युरोपीय पोलिसांनी २०१६ मध्ये काही कंपन्यांबरोबर सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम'च्या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज नसलेली किल्ली पुढे मिळाल्याचीही उदाहरणं आहेत.

एक माझीच फजिती सांगते. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत असताना मी दर शुक्रवारी न चुकता बॅकअप घ्यायचे. दोन वर्षं. मुलांना अभिमानानं सांगायचेही. एकदा डिस्क गेली, मी ऐटीत बॅकअप उघडला, तर आत सगळे शॉर्टकट. व्हायरस वगैरे काही नाही. मी डेस्कटॉपवरचे शॉर्टकटच इमानेइतबारे कॉपी करत आले होते, मूळ फायली दुसऱ्याच ड्राइव्हवर होत्या. एका सेमिस्टरच्या प्रश्नपत्रिका नव्यानं काढल्या. तेव्हापासून प्रत काढली की ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून दोन-चार फायली उघडून पाहते. तुम्हीही पाहा.

फॉरमॅटच्या बाबतीत एक धोका असा आहे, जो दुरुस्तीवाल्यानं तुम्हाला सांगितलेला दिसत नाही. तुमच्या आठवणी क्रुतिदेवमध्ये आहेत. क्रुतिदेव हा वेष आहे हो, आत इंग्रजी अक्षरंच असतात. तुम्ही 'मराठी' लिहिता तेव्हा फायलीत जातं : ई, जे, के, मोठा बी, एच. फॉन्ट त्या अक्षरांना म, र, काना, ठ, वेलांटी असे कपडे चढवतो. कॉम्प्युटर फॉरमॅट झाला आणि फॉन्ट पुन्हा टाकला नाही, तर तुमची १४० पानं उघडतील आणि प्रत्येक ओळीत इंग्रजी अक्षरांचा कालवा दिसेल. अशा फायली घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत, "व्हायरसनं सगळं लिखाण खाल्लं" म्हणत. एकानं तर चिडून त्या पुसूनही टाकल्या होत्या. फॉन्ट टाकला की सगळं जसंच्या तसं दिसतं. म्हणून कॉम्प्युटरच्या फॉन्ट्स फोल्डरातून क्रुतिदेवची फाइल आजच लिखाणाबरोबर ठेवून द्या. एक पीडीएफही करा, तिच्यात फॉन्ट सोबत जातो. आणि सवडीनं हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणाऱ्या अक्षरांत, आणा. बदलून देणारी साधनं फुकट मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटीपाशी ती अडखळतात, तेव्हा एकदा शेवटपर्यंत वाचून काढावं लागेल. तुमचंच लिखाण आहे, वाचायला कंटाळा येणार नाही.

"माझ्याकडे चोरण्यासारखं काही नाही" हे तुमचं वाक्य. काकाजी, सोसायटीच्या फोल्डरात सभासदांचे फोन नंबर असतील, भाडेकरूंच्या आधार कार्डांच्या प्रती असतील, बँकेचा खाते क्रमांक असेल. ते तुमचं नाही, पण तुमच्या हवाली आहे. ज्या आधार प्रतींची आता गरज नाही त्या पुसून टाका, पुढे मागताना मास्क केलेलं आधार मागा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. शिवाय आजचे व्हायरस फायलींपेक्षा ब्राउझरनं जपून ठेवलेले पासवर्ड जास्त शोधतात. हॉलमधल्या त्या कॉम्प्युटरवरून घरातल्या कोणीही बँक किंवा ईमेल उघडलं असेल, तर साफसफाई झाल्यावर ते पासवर्ड बदला. बदलताना फोनवरून बदला. ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डानंतर आणखी एकदा ओळख पटवणं, लावा. पैशाचा घोटाळा झालाच, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन. तासाभराचा उशीरही महागात पडतो.

मोबाइलवर येणाऱ्या लग्नपत्रिकांचंही सांगून ठेवते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, फोनमध्ये शिरणारं अ‍ॅप आहे, मग ती सख्ख्या साडूच्या नंबरावरून का आलेली असेना. आणि पडद्यावर भोंगा वाजवत "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं, तर फोन करायचा नाही. मायक्रोसॉफ्ट कोणाला असा फोन करायला सांगत नाही. खिडकी बंद होत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर बटण दाबून कॉम्प्युटरच बंद करा, आकाश कोसळत नाही.

मग फॉरमॅट कधीच नाही का? करा की. स्कॅननंतरही विचित्र वागत असेल, किंवा आत क्रॅक केलेली विंडोज निघाली, तर फॉरमॅट करून अस्सल विंडोज टाकणं हाच चांगला उपाय. फक्त त्या दिवशी तुमच्या फायली दोन ठिकाणी असल्या पाहिजेत, त्या उघडून पाहिलेल्या असल्या पाहिजेत आणि क्रुतिदेवचा फॉन्ट बाजूला काढलेला असला पाहिजे.

वहीचं म्हणाल तर वही ठेवाच. सोसायटीच्या हिशेबाची महिनाअखेरची बेरीज वहीत उतरवून सही केलेली असली, तर तीही एक प्रतच. पण आठवणी वहीत पुन्हा लिहायला बसू नका. १४० पानं टाइप केलेला माणूस कॉम्प्युटरला हात लावायला नालायक असू शकत नाही, हे तुमच्या मुलाला मी सांगायला नको.

त्याच्याशी बोलण्याची सोय आयतीच आहे. ती 'एक्सक्लूजन्स'ची यादी पाहायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो आणि तो त्याच्याकडे आहे. "मी काय चुकलो" असं न विचारता, "जरा बस, ही यादी दोघं मिळून पाहू" म्हणा. यादीत काही निघालं तर त्या वेळी काही बोलू नका, त्यालाच वाचू द्या. मग सगळ्यांची साधी खाती त्याच्याच हातून करून घ्या.

आणि आठवणींची छापील प्रत काढायला बर्डीला जाल तेव्हा एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या, त्यात ती एक पीडीएफ टाका, बाकी काही नाही. घरी आल्यावर आधी तो फॉरमॅट करा.